घरात माणूस आहे, यादीत नाही: जनगणना अधिकाऱ्यांना नागपुरातून खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, नागपूर

विषय: जनगणनेच्या दुसऱ्या, म्हणजे लोकसंख्या गणनेच्या, टप्प्यात घरातली माणसे यादीतून सुटू नयेत म्हणून प्रश्नांचा क्रम, मोबाइल अ‍ॅपचे पडदे आणि प्रगणकांच्या सूचना यांत करायचे बदल

महोदय / महोदया,

२०११ च्या जनगणनेनंतर भारताच्या महानिबंधक कार्यालयाने, म्हणजे जनगणना घेणाऱ्या यंत्रणेने, स्वतःच काही भागांत पुन्हा मोजून पडताळणी पाहणी केली, तेव्हा देशात दर हजारी २३ माणसे मोजायची राहून गेल्याचे आढळले. दुबार मोजलेल्यांची वजाबाकी करून उरलेला हा आकडा आहे. २००१ मध्येही तो साधारण तेवढाच होता. म्हणजे दहा वर्षांत घरे वाढली, शिक्षण वाढले, फोन आले, पण माणसे सुटण्याचे प्रमाण हलले नाही. नागपूर शहराची २०११ ची लोकसंख्या २४,०५,६६५. अंदाज यावा म्हणून देशाची सरासरी तिला लावून पाहिली, तर पंचावन्न हजारांच्या घरात माणसे होतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची राज्यांची लाभार्थी संख्या आजही २०११ च्या गणनेवरच उभी आहे. एकदा सुटलेला माणूस किती वर्षे सुटलेला राहतो, ते यावरून कळावे.

सुटण्याचे प्रकार दोन. पहिल्यात अख्खे घरच राहून जाते: नव्या ले-आऊटमधली गल्ली नकाशावर नसते, घराला कुलूप असते, दोन प्रगणन गटांच्या, म्हणजे घरोघर जाऊन मोजणाऱ्या एकेका प्रगणकाला नेमून दिलेल्या भागांच्या, सीमेवरची चाळ दोघेही दुसऱ्याची समजतात. यावर उपाय करणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. हाताने काढलेला नजरी नकाशा आहे, इमारत क्रमांक आहे, आणि आता इमारतींचे ठिकाण मोबाइलवर नोंदवण्याची सोयही आली आहे. दुसऱ्या प्रकारात दार ठोठावले जाते, अनुसूची (माहितीचा नमुना) पूर्ण भरली जाते, सही होते, आणि त्या घरातले एक माणूस तिच्यात नसते. अशी अनुसूची पर्यवेक्षकाला निर्दोषच दिसते. रिकामा रकाना डोळ्यांत भरतो, न उघडलेली ओळ भरत नाही. हे पत्र या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

अशी माणसे कोणी मुद्दाम लपवलेली असतात, हा समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. जनगणनेचे कुटुंब चुलीवर ठरते: सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे. उत्तर देणाऱ्याच्या मनातले घर नात्यावर ठरते. 'तुमच्या घरी कोण-कोण?' असे विचारले की तो आपले घर सांगतो. त्यात पुण्याला नोकरी करणारा मुलगा येतो, कारण तो 'आपला' आहे. मागच्या खोलीत वर्षभर राहणारा भाचा येत नाही, कारण तो 'बहिणीचा' आहे. उत्तर देणारा खोटे बोलत नाही. त्याला विचारले ते त्याने सांगितले. म्हणून दुरुस्ती प्रश्नात करावी लागेल.

ती करायला कायदा आडवा येत नाही. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम ८ प्रमाणे राजपत्रात प्रसिद्ध झालेले प्रश्न विचारायचे असतात. त्या प्रश्नांपैकी 'व्यक्तीचे नाव' ही बाब कशी काढून घ्यायची, कोणते शब्द वापरायचे, अ‍ॅपवर कोणता पडदा आधी यायचा, हे प्रगणकांच्या पुस्तिकेत आणि प्रशिक्षणात ठरते. आमची मागणी एवढ्याच जागेपुरती आहे. राजपत्रातल्या यादीत नवा प्रश्न एकही नको.

सगळ्यात आधी आकडा विचारणे थांबवा. 'घरात किती माणसं?' असे विचारले आणि उत्तर 'चार' आले की पुढची यादी चारावर थांबते. पाचवे नाव आठवले तरी आता आपलाच आकडा खोटा पडेल म्हणून माणूस गप्प बसतो, आणि घाईतल्या प्रगणकालाही चार नावे झाली की काम संपल्यासारखे वाटते. पहिल्या, म्हणजे घरयादीच्या, टप्प्यात कुटुंबातल्या माणसांची एकूण संख्या नोंदवली जाते. ती संख्या दुसऱ्या टप्प्यात प्रगणकाच्या पडद्यावर आधीच दिसत असेल, तर तीच चूक पक्की होईल. यादी पूर्ण होईपर्यंत तो आकडा झाकलेला असावा. नंतर उघडावा, आणि फरक पडला तर 'तेव्हा पाच सांगितले होते, आता चार आहेत, कोणी गेलं का?' एवढे विचारावे. आधी दाखवला तर जुन्या आकड्याची नक्कल होते, नंतर दाखवला तर त्याची तपासणी होते.

दुसरे, नावे आणि तपशील वेगळे करा. एका माणसाचे नाव लिहून लगेच त्याचे नाते, वय, वैवाहिक स्थिती, धर्म, भाषा, शिक्षण, काम, स्थलांतर असे सगळे विचारत गेले, तर दुसऱ्या-तिसऱ्या माणसापर्यंत उत्तर देणाऱ्याला कळून चुकते की दर नावामागे पाच-सात मिनिटे जाणार आहेत. २०११ च्या कुटुंब अनुसूचीत २९ प्रश्न होते. शेवटच्या माणसांची नावे अशा वेळी आपोआप गळतात, आणि शेवटची माणसे म्हणजे बहुधा म्हातारी, तान्ही आणि परकी. म्हणून पहिल्या पडद्यावर फक्त नावे हवीत, आणि ती बंद झाल्याशिवाय पुढचा पडदा उघडू नये.

ही नावे काढून घेण्यासाठी एक प्रश्न पुरत नाही. माणसाची आठवण एकेका खुणेने जागी होते: झोपणे, जेवणे, बाहेर जाणे, परत येणे. आम्ही सुचवतो ते शब्द बोलण्यातले आहेत आणि याच क्रमाने विचारायचे आहेत.

'आता मी फक्त नावं लिहितो, बाकीचं नंतर. काल रात्री या घरात कोण-कोण झोपलं? पाहुणे असले तरी सांगा.'

'इथंच राहतात पण काल रात्री घरी नव्हते, असे कोण? रात्रपाळीला, गावी, दवाखान्यात, माहेरी, कामावर गेलेले?'

'लहान बाळ आहे का? नाव ठेवलं नसलं तरी चालेल. नातवंडं, भाचे-पुतणे, शिकायला ठेवलेली मुलं?'

'नात्यातलं नसलेलं कोणी इथं राहतं का? कामाला ठेवलेली बाई, ड्रायव्हर, किरायानं राहणारा, मुलाचा मित्र?'

'वरच्या माळ्यावर, मागच्या टिनाच्या खोलीत, दुकानात, गॅरेजमध्ये कोणी राहतं का? त्यांची चूल वेगळी असली तरी सांगा.'

'याचं नाव लिहायचं की नाही असं वाटलं आणि म्हणून सांगितलं नाही, असं कोणी उरलं का?'

शेवटच्या प्रश्नाचे मूळ कॅनडाच्या जनगणनेत आहे. तिथल्या नमुन्यात यादीनंतर हेच विचारतात की, लिहावे की नाही याची खात्री नव्हती म्हणून कोणाला वगळले का, आणि पुढे उदाहरणे देतात: विद्यार्थी, दोन घरांत वाटून राहणारे मूल, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस. हा प्रश्न उत्तर देणाऱ्यावर आरोप करत नाही. शंका होती हे तो मान्य करतो आणि तिच्यावरचा निर्णय आपल्याकडे घेतो.

'तान्ही बाळे, नोकर विसरू नका' अशा सूचना प्रगणकांच्या पुस्तिकेत असतात, असे यावर कोणी म्हणेल. पण प्रगणकाने लक्षात ठेवायची सूचना वेगळी आणि घरच्यांना मोठ्याने विचारलेला प्रश्न वेगळा. चाळिसाव्या घरानंतर सूचना लक्षात राहत नाही. पडद्यावर आलेले वाक्य 'विचारले, कोणी नाही' अशी खूण केल्याशिवाय पुढे सरकणार नसेल, तर ते विचारले जाण्याची शक्यता खूप वाढते. वेळेचा हिशेबही मांडून ठेवतो. सहा वाक्ये विचारायला एका घरी साधारण एक मिनिट लागेल. सातशे-आठशे माणसांच्या प्रगणन गटात १६० कुटुंबे धरली तर संपूर्ण कामात २ तास ४० मिनिटे वाढतात.

पुढचा भाग सगळ्यात अवघड: नाव आले, पण ते इथे मोजायचे की नाही? २०११ चा नियम असा होता. गणना ९ ते २८ फेब्रुवारी चालली आणि संदर्भ क्षण १ मार्चची मध्यरात्र, ०० वाजता. जो नेहमी इथे राहतो आणि या दिवसांत पूर्ण वेळ किंवा काही दिवस तरी इथे होता, किंवा २८ पर्यंत परतणार होता, तो इथे मोजायचा. जो संपूर्ण कालावधी आपल्या घरापासून दूर होता, तो जिथे सापडेल तिथे. नियम चांगला आहे. पण तो प्रगणकाने दारात उभे राहून डोक्यात चालवायचा आणि त्यावरून नाव लिहायचे की नाही ते ठरवायचे, इथे घोळ होतो. शंका आली की नाव सोडणे सोपे जाते. म्हणून उलटे करा. आधी सगळ्यांना यादीत घ्या. मग संशयाच्या प्रत्येक नावापुढे अ‍ॅपने दोनच गोष्टी विचाराव्यात: गणनेच्या दिवसांपैकी एक तरी दिवस ही व्यक्ती इथे होती का, आणि शेवटच्या तारखेच्या आत परत येणार आहे का. मोजायचे की गाळायचे ते अ‍ॅप नियमाने ठरवील, आणि गाळलेले नाव कारणासकट राहील, म्हणजे पर्यवेक्षकाला ते पाहता येईल.

हा नियम नागपुरात आणि भोवतालच्या विदर्भात कुठे तुटतो, ते सविस्तर सांगणे भाग आहे.

बाळंतपण घ्या. सून माहेरी गेली आहे, बाळ वीस दिवसांचे आहे. सासरी विचारले तर 'ती माहेरी आहे'. माहेरी विचारले तर 'ती लग्न होऊन गेली, आमच्या घरची नाही'. दोन्ही घरे खरे बोलली आणि आई-बाळ दोघेही सुटले. नियमाप्रमाणे ती संपूर्ण कालावधी माहेरी असेल तर दोघांची नोंद माहेरी व्हायला हवी. 'काल रात्री कोण झोपलं?' या पहिल्याच प्रश्नाला ती माहेरच्या यादीत येते, कारण त्यात नाते विचारलेले नाही. बाळाची आणखी एक अडचण अ‍ॅपमधली. बारसे झालेले नसते, आणि नावाचा रकाना सक्तीचा असला की प्रगणक ओळच उघडत नाही. तिथे 'नाव ठेवलेले नाही' असे बटण हवे, आणि ते दाबल्यावर आईच्या नावाने ओळ तयार व्हावी. वयही तसेच. पूर्ण झालेली वर्षे लिहायची म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाचे वय ० येते. शून्याला रिकामे समजणारा पडदा त्या बाळाला गिळतो. चाचणीत हे मुद्दाम तपासून पाहावे.

तान्ही बाळे सुटणे हा जगभरचा दोष आहे. अमेरिकेच्या २०२० च्या गणनेत एकूण लोकसंख्येतली निव्वळ चूक जवळजवळ शून्य निघाली, पण पाच वर्षांखालची मुले त्यांच्याच पडताळणी पाहणीप्रमाणे २.७९ टक्के कमी भरली. जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून केलेल्या दुसऱ्या हिशेबात ही तूट पाच टक्क्यांच्या वर गेली. त्यांच्या नमुन्यात 'आणखी कोणी आहे का, जसे नवजात बाळ, नातवंडे' असा प्रश्न होता, तरीही. मात्र तो दुसरा होता. पहिल्या प्रश्नात घरातल्यांचा आकडाच मागितला होता. एकदा आकडा लिहून दिलेला माणूस मागे फिरून तो बदलत नाही, असे आमचे मत आहे, आणि म्हणूनच क्रमाचा आग्रह इतका धरतो.

आपल्याकडे मुलांसाठी एक तपासणी फुकट उपलब्ध आहे. २०११ च्या अनुसूचीत विवाहित स्त्रियांना हयात मुलांची संख्या आणि गेल्या एका वर्षातला जन्म विचारला होता. एखाद्या स्त्रीने गेल्या वर्षी जन्मलेले मूल हयात असल्याचे सांगितले आणि घराच्या यादीत ० वयाचे कोणी नसेल, तर अ‍ॅपने तिथेच थांबून 'ते बाळ सध्या कुठे आहे?' असे विचारावे. उत्तर 'आतच झोपलंय' असे येऊ शकते. अनुसूची वर पाठवल्यावर ही विसंगती सापडून काही उपयोग नाही. दारात सापडली तर बाळ मोजले जाते.

फेब्रुवारी हा मिरची तोडणीचा हंगाम. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातली कुटुंबे तेलंगणात जातात, काही घरी म्हातारे तेवढे मागे राहतात. इकडे नागपूरच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगड आणि बालाघाटकडची माणसे असतात. भट्टीवरची झोपडी 'काही महिन्यांची' म्हणून सोडून देऊ नये. संपूर्ण कालावधी माणूस तिथे असेल तर त्याची नोंद तिथेच, हे भट्टी असलेल्या प्रत्येक गटाच्या प्रगणकाला वेगळे सांगायला हवे. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात रुग्णासोबत आठवडेच्या आठवडे राहणारे गडचिरोलीचे आणि मध्य प्रदेशातले नातेवाईक याच नियमात बसतात. २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. मेडिकल, रेल्वे स्टेशन, सीताबर्डी आणि ताजबागच्या आसपासच्या जागांची यादी त्या रात्रीच्या आठवडाभर आधी तयार नसेल, तर एका रात्रीत ते काम होत नाही.

आई-वडील दोन मुलांकडे पाळीने राहतात, हे तर नित्याचेच. महिना या घरी, महिना त्या घरी. दोघेही मुले 'आमच्याकडेच असतात' म्हणाली तर दुबार होतात, दोघेही 'सध्या भावाकडे' म्हणाली तर सुटतात. पुण्यातल्या मुलाचे उलट होते. आई-वडील त्याला इथे लिहून टाकतात आणि पुण्याच्या फ्लॅटचे दार दिवसा बंद असते. म्हणून यादीतल्या प्रत्येकाबद्दल एकदा विचारावे: 'या दिवसांत हे आणखी कुठे राहतात का? कोणत्या गावी?' सुटलेले शोधणारे प्रश्न वाढवले की दुबार नोंदी थोड्या वाढणारच. त्यांना आळा घालायला हा प्रश्न त्यांच्या सोबत असलाच पाहिजे, नाहीतर आमची सूचना अर्धवट अमलात येईल.

आता किरायाने राहणारी मुले. हिंगणा आणि बुटीबोरीचे कामगार, क्लासेसची मुले, दवाखान्यांत काम करणाऱ्या मुली. एका खोलीत पाच जण, स्वयंपाकघर नाही, डबा लावलेला. खालचा घरमालक आपल्या कुटुंबाची माहिती देतो आणि 'वर पोरं राहतात' म्हणून हात झटकतो. पोरे सकाळी आठला गेली की रात्री दहाला येतात. शिवाय नियमाचा एक काच इथे आहे. नात्यात नसलेली माणसे एकत्र राहतात पण एका चुलीवर जेवत नाहीत, तर प्रत्येक जण वेगळे कुटुंब. म्हणजे त्या खोलीत पाच कुटुंबे आणि पाच अनुसूची. प्रत्येक वेळी इमारत, घर, कुटुंब क्रमांक नव्याने टाकावे लागत असतील, तर पाचांचे दोन होणे अटळ आहे. अ‍ॅपमध्ये एकट्या माणसाचे कुटुंब एका बटणात उघडावे आणि वरची माहिती आधीच्या ओळीवरून आपोआप यावी. या खोल्यांसाठी सकाळी सातची किंवा रविवारची फेरी लावावी, आणि घरमालकाकडून नावे नव्हे, फक्त 'वर किती जण झोपतात आणि कधी भेटतात' एवढे घ्यावे. वसतिगृह आणि व्यवस्थापन असलेले पीजी यांना संस्थात्मक कुटुंब म्हणून धरायचे. खासगी घरातल्या चार खोल्या किरायाने दिल्या म्हणून ते वसतिगृह होत नाही, हा फरक प्रशिक्षणात उदाहरणासह शिकवावा.

दुकाने आणि गोदामे. घरयादीत एखाद्या जागेचा वापर 'दुकान' किंवा 'गोदाम' असा नोंदवला की दुसऱ्या टप्प्यात तिथे जायचे कारणच उरत नाही. वाडीच्या गोदामात हमाल झोपतात. इतवारीच्या दुकानात वरच्या फळीवर नोकर झोपतो. कळमन्याच्या बाजारात, धाब्यावर, बांधकामावरच्या चौकीदाराच्या खोलीत अख्खी कुटुंबे असतात. उपाय एका वाक्याचा आहे: दुसऱ्या टप्प्यात बिगर-रहिवासी नोंदलेल्या प्रत्येक जागी 'रात्री इथं कोणी झोपतं का?' हे विचारणे सक्तीचे करा. ठिय्यावर सकाळी कामाची वाट पाहणारे मजूर रात्री अशाच जागी असतात.

रेशनकार्डाबद्दल आमचा आग्रह विशेष आहे. दार उघडले, प्रगणक दिसला, की घरातली बाई आत जाऊन रेशनकार्ड घेऊन येते. ती मदतच करत असते. प्रगणक ते हातात घेऊन नावे उतरवतो, काम झटपट होते आणि नावांचे लेखनही बरोबर येते. त्या कार्डावर कोण असते ते पाहा. वारलेले आजोबा असतात. लग्न होऊन गेलेली मुलगी असते. तीन वर्षांपूर्वी आलेली सून नसते, कारण तिचे नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे. तिचे मूल नसते, किरायदार नसतो, गावाकडून शिकायला आलेला पुतण्या नसतो. एकूण संख्या मात्र घराशी जुळतेही, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. लिखित आदेश हवा: यादी तोंडी पूर्ण होईपर्यंत कोणतेही कार्ड हातात घ्यायचे नाही, त्यानंतर फक्त स्पेलिंग आणि जन्मतारखेसाठी पाहायचे.

नात्याचा रकाना नावांच्या यादीनंतर यावा, हेही त्याच कारणासाठी. सोडचिठ्ठी झालेली मुलगी, दुसरी बायको, लग्न न करता एकत्र राहणारे जोडपे, गुरूच्या घरी राहणारे तृतीयपंथी चेले, यांचे कुटुंबप्रमुखाशी नाते काय सांगायचे हा घरच्यांपुढे पेच असतो. नावाबरोबर नाते मागितले तर पेच टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे नावच न सांगणे. नाव आधी लिहून झाले असले की 'नात्यात नाही' हा पर्यायही चालतो, आणि तो यादीच्या तळाशी न ठेवता वर दिसेल असा ठेवावा. स्त्रियांच्या नावाबाबत कलम ८ मध्येच सूट आहे: घरातल्या स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कोणावर नाही, आणि पतीचे किंवा रूढीप्रमाणे घेता न येणारे नाव सांगण्याची सक्ती स्त्रीवर नाही. नाव दिले नाही म्हणून ओळ गाळायची नाही, हे या तरतुदीसोबत प्रगणकाला सांगितले पाहिजे. नावाशिवायही माणूस मोजता येतो.

भीतीपोटी सुटणारी माणसेही आहेत. किरायदार सांगितला तर घरटॅक्स वाढेल, पोलिसांत कळवले नाही म्हणून दंड होईल, पट्ट्याच्या घरात दुसरे कुटुंब दिसले तर पट्टा जाईल. जनगणना अधिनियमाच्याच कलम १५ प्रमाणे जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि, या अधिनियमाखालच्या गुन्ह्याचा खटला सोडला तर, त्या पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. हे वाक्य प्रगणकाने सुरुवातीला, नावे विचारण्याच्या आधी म्हणावे. 'महापालिकेचा टॅक्सवाला ही माहिती पाहू शकत नाही' इतक्या थेट शब्दांत. ज्या प्रगणकाने त्याच गल्लीत घरटॅक्सचे सर्वेक्षण केले असेल, त्याला शक्यतो तो गट देऊ नये.

स्वयं-गणनेची, म्हणजे घरच्यांनी पोर्टलवर स्वतःच माहिती भरण्याची, सोय आम्हाला हवीच आहे, पण तिथे प्रश्न समजावून सांगणारे कोणी नसते. वरचे सहा प्रश्न पोर्टलवर एकेका पडद्यावर, मोठ्या अक्षरांत यावेत, आणि 'पुढे' दाबण्याआधी हो किंवा नाही निवडावे लागावे. त्याहून मोठी अडचण नंतरची. घरमालक आपला स्वयं-गणनेचा क्रमांक दाखवतो, प्रगणक तो टाकतो, आणि त्या दारावरचे काम संपले असे समजून पुढे जातो. तो क्रमांक एका कुटुंबाचा आहे, इमारतीचा नाही. क्रमांक स्वीकारल्यावरही चौथा, पाचवा आणि सहावा प्रश्न दारात विचारलेच जावेत, आणि भरलेली नावे एकदा मोठ्याने वाचून दाखवावीत. वाचून दाखवणे ही जुनी रीत सगळ्याच घरांसाठी ठेवावी. 'अरे, आजीचं राहिलं' हे बहुधा त्याच क्षणी ऐकू येते.

हे सगळे कागदावर पटवून घेऊ नका, आधी तपासा. महापालिकेच्या दहा झोनमधून प्रत्येकी दोन गट घ्या. आसीनगर आणि सतरंजीपुऱ्यातली दाट वस्ती, धरमपेठ आणि लक्ष्मीनगरातले फ्लॅट, त्याशिवाय शहराबाहेरचे बेसा, वाडी, बुटीबोरी. प्रत्येक गटात एकाआड एक घरी जुनी पद्धत आणि नवी पद्धत चालवा. एकाच प्रगणकाला दोन्ही पद्धती देऊ नका, नवे प्रश्न शिकल्यावर तो जुन्या घरीही ते विचारू लागेल. मग चार गोष्टी पडताळा: दर कुटुंबामागे माणसे किती, पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण, अठरा ते एकोणतीस वयातले पुरुष आणि स्त्रिया, आणि नात्यात नसलेल्यांचा वाटा. नव्या पद्धतीत हे आकडे हलले नाहीत तर आमचे म्हणणे बाजूला ठेवा. हलले, तर त्या वाढलेल्या नावांपैकी काहींकडे दुसरा माणूस पाठवून ती खरी आहेत, दुबार नाहीत, याची खात्री करा. कोणत्या प्रश्नाने कोणते नाव यादीत आले, ते अ‍ॅपने खुणेने नोंदवले तर सहांपैकी कोणता प्रश्न निरुपयोगी आहे तेही कळेल, आणि तो काढून टाकता येईल.

चाचणीसाठी हे सहा प्रश्न हिंदी, छत्तीसगढी, गोंडी आणि तेलुगूत बोलीभाषेच्या शब्दांत तयार करून, ती ती भाषा बोलणाऱ्या माणसांसमोर वाचून दुरुस्त करून देण्याचे काम आम्ही विनामोबदला करायला तयार आहोत. बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीतच असतात आणि प्रगणक बहुतांशी शिक्षक असतात. त्यामुळे प्रशिक्षणाचा हा भाग परीक्षेची ड्युटी लागण्याआधी, दोन तासांचा वेगळा वर्ग म्हणून घ्यावा, आणि त्यात व्याख्यान न देता प्रत्येक प्रगणकाकडून समोरच्या सहकाऱ्याच्या घराची यादी या सहा प्रश्नांनी करून घ्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
लोकसंख्या आणि घरोघरच्या सर्वेक्षणाचे काम करणारे नागपुरातील अभ्यासक व क्षेत्रकार्यकर्ते